आधी आपल्या घरी विचारा

आमच्या समाजशास्त्राच्या बाईंनी ज्याला एकही प्रश्न विचारलेला नाही, असा माणूस भोपाळमध्ये शोधून सापडायचा नाही. जवाहर चौकातल्या कापडाच्या दुकानात त्या शिरल्या की मालक काउंटर नोकरावर सोपवून आत चहा प्यायला निघून जाई. कारण साडीचा रंग पक्का आहे का, एवढ्यावर बाई थांबत नसत. ही साडी कोणी विणली आणि विणणाऱ्याची बायको अशी साडी नेसते का, इथपर्यंत जात. दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा स्वतःचं तोंड उघडण्याआधी त्यांनी विचारलं, "तुमचे दात कोण बघतं?" डॉक्टरांनी म्हणे मान खाली घालून कबूल केलं, की भीती वाटते म्हणून ते अजून कोणाकडे गेलेच नाहीत. बाई मूळच्या नागपूरच्या. फॅक्टरीच्या टाउनशिपमधल्या शाळेत त्या मोपेडवरून येत आणि डोक्यात एखादा प्रश्न घोळत असला की हेल्मेट काढायचं विसरून तशाच वर्गात शिरत. अर्धा तास हेल्मेटमधून लोकशाही शिकवलेली मला आठवते. कोणी हसलं नाही, कारण हसणाऱ्याला त्या "का हसलास?" असं विचारत, आणि त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे.

प्रश्नांच्या बाबतीत त्यांचे नियम मात्र कडक होते. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे ते विचारायचं नाही, कारण तो प्रश्न नव्हे, ती माणसाची परीक्षा झाली. आणि दुसऱ्याच्या घरी काहीही विचारायचं असेल, तर आधी ते आपल्या घरी विचारायचं. बाई येण्यापूर्वी आमच्या शाळेत गरिबीची ओळख म्हणजे हिवाळ्यात एकदा जुने कपडे गोळा करायचे, शाळेमागच्या वस्तीत वाटायचे आणि फोटो काढायचा. बाईंनी पहिल्याच वर्षी हे बंद केलं. फोटो काढायला हरकत नाही म्हणाल्या, पण मग वस्तीतली मुलंही तुमच्या घरी येऊन तुमच्या कपाटाचा फोटो काढतील. त्यानंतर कॅमेऱ्याचं नाव कोणी काढलं नाही.

आम्ही नववीत असताना त्यांनी प्रोजेक्ट दिलं, की वस्तीत जायचं, पण देण्यासाठी नाही, विचारण्यासाठी. वर्गात पहिला येणारा मुलगा एका मोठ्या साहेबांचा. त्याने पहिला प्रश्न तयार केला, "तुम्ही गरीब का आहात?" बाई अजिबात रागावल्या नाहीत. प्रश्न चांगला आहे म्हणाल्या, फक्त आधी सगळ्यांनी घरी त्याची उलटी बाजू विचारून या. त्या संध्याकाळी टाउनशिपमधल्या अनेक क्वार्टरांत जेवणं उशिरा झाली. "आपण श्रीमंत का आहोत?" या प्रश्नावर कोणाच्या वडिलांनी मेहनत सांगितली, तर आईने आपल्या माहेरचं नाव घेतलं आणि तिथून भांडण पेटलं. कोणाची आजी म्हणाली, आपण कुठले श्रीमंत, श्रीमंत ते बंगल्यातले. बंगल्यातले साहेब दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल सरांकडे तक्रार घेऊन आले. सरांनी बाईंना बोलावलं. बाईंनी सरांनाही तोच प्रश्न विचारला, आणि प्रोजेक्ट चालू राहिलं.

मला मात्र यातलं काही तेव्हा गमतीचं वाटत नव्हतं. कारण ती वस्ती माझी होती. माझे वडील भंडाऱ्याकडून ठेकेदाराबरोबर आले होते, आई क्वार्टरांमध्ये धुणीभांडी करायची. शाळेत माझी फी माफ होती, हे ऑफिसपलीकडे कोणाला ठाऊक नव्हतं. मैत्रिणींना मी सोनागिरी कॉलनीत राहते असं सांगितलं होतं. शाळेच्या मागच्या भिंतीला एक भगदाड होतं आणि त्याच्या पलीकडे आमचं घर. पण तिथून शिरताना कोणी बघेल म्हणून मी रोज सगळ्या टाउनशिपला वळसा घालून मोठ्या गेटने यायची आणि रोज उशिरा पोचायची. आता येत्या सोमवारी सगळा वर्ग माझ्या दारात येणार होता.

मधल्या सुट्टीत मी बाईंना गाठून हळूच म्हटलं, "बाई, सोमवारी मला ताप येणार आहे."

बाईंनी हेल्मेट काढलं. मग विचारलं, "तुझ्या आईला काय विचारलेलं आवडेल?"

 घरी गेल्यावर मी आईलाच विचारलं. ती कणीक मळत होती. हात थांबवून म्हणाली, "गावच्या नदीचं विचारावं कोणी. इथं आल्यापासून कोणी विचारलंच नाही."

सोमवारी मला ताप आला नाही. मी दाराआड उभी राहिले. तो पहिला येणारा मुलगा चटईवर मांडी घालून, नियमाप्रमाणे आधी स्वतःचं उत्तर देत होता, "काकू, आमच्याकडे नळाला दिवसभर पाणी येतं. तुमच्याकडे?" आईने सांगितलं, टँकर येतो. त्यावर सगळ्यांच्या चेहऱ्यांवर, मला ज्याची भीती होती, ती दया उतरू लागली. आई पदराशी चाळा करत राहिली. मला ते बघवेना. मी बाहेर आले आणि म्हटलं, "आई, तू पुरात नदी कशी पार करायचीस, ते सांग ना."

'आई' हा शब्द सगळ्यांनी ऐकला. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण माझ्याकडे, मग खिडकीतून दिसणाऱ्या शाळेच्या भिंतीकडे बघत राहिली. 

"तू इथे राहतेस?" ती म्हणाली. "इतक्या जवळ? मग रोज लेट कशी होतेस यार?"

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला एकदम मोकळा श्वास घेता आला. मग आईने पुराचं सांगितलं, घागर पालथी घालून तिच्या आधाराने पोहण्याचं सांगितलं, आणि शेवटी तिने विचारलं, "तुम्ही कुठं पोहता?" मुलं म्हणाली, क्लबच्या टाकीत, ट्यूब घालून. आई इतकी हसली की तिला पदर तोंडाशी धरावा लागला. दुसऱ्या दिवसापासून मी भगदाडातून शाळेत जाऊ लागले. काही दिवसांनी मैत्रीणही गंमत म्हणून आधी आमच्या घरी येऊन त्यातूनच शाळेत येऊ लागली आणि दोघी वेळेवर पोचू लागलो.

आता मी कॉलेजात आहे, आमच्या घरातली पहिलीच. बाई निवृत्त होऊन नागपूरला भावाकडे गेल्या. त्यांच्या क्वार्टरमध्ये दुसरं कुटुंब आलं आहे आणि जवाहर चौकातला दुकानदार परवा मला विचारत होता, मॅडम दिसत नाहीत हल्ली. सगळ्या भोपाळला प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी मला एक प्रश्न कधीच विचारला नाही. रोज उशीर का होतो, हे वर्गात इतर शिक्षक दरडावून विचारायचे. बाई नुसत्या हजेरीत माझं नाव शेवटी घ्यायच्या, तोवर मी पोचलेली असे. का, ते मला फार उशिरा कळलं. उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं.

स्टेशनवर निरोप घेताना गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून विचारलं, "तू पुढे काय करणार आहेस?" मी खिडकीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत धावले. उत्तर अजूनही त्यांना कळवलेलं नाही. पण घाबरले की मी तोच प्रश्न आठवते, आणि बाईंना त्याचं उत्तर खरोखरच ठाऊक नव्हतं, याचा मला फार आधार वाटतो.