अर्धी प्रदक्षिणा

आज दगडी पाटा धुताना ओल्या दगडाचा वास आला आणि पाताळेश्वराचं लेणं आठवलं. तुमचा बाबा तेव्हा पाच वर्षांचा होता. खडकात कोरलेलं देऊळ बघायचं म्हणून सकाळपासून नाचत होता. गाभाऱ्याभोवती मिट्ट अंधार होता आणि तो माझ्यापुढे धावत होता. शंकराला अर्धीच प्रदक्षिणा घालतात, म्हणून तीर्थाच्या पन्हळीपाशी मी सवयीने मागे वळले. दाराशी येऊन पाहते तर मूल नाही! हाका मारत राहिले. शेवटी नियम मोडून मी पन्हळ ओलांडली आणि भिंत चाचपत पुढे गेले. तो कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. "आई, तू कुठे हरवलीस गं?" त्याने हुंदके देत विचारलं. आजही विचारा, हरवली होती ती आई, असंच तो ठामपणे सांगेल.