शकूआक्कांची पुठ्ठ्याची घरं

“मैद्याची खळ शिजवून ठेव गं. आज आले की छपरं चिकटवायची हायेत,” असं सकाळी नांदेडच्या गाडीत बसता बसता शकूआक्का मला सांगून गेल्या. शकूआक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. डायलिसिससाठी लोह्याहून नांदेडला जाणं आता त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. दुपारी मी गॅसपाशी खळ घोटत उभी होते, तेव्हा त्यांच्या मुलाचा, महेशचा फोन आला. “काकू... आई गेली.” दवाखान्यातच त्यांचं हृदय थांबलं होतं. मी गॅस बंद केला आणि तिथंच खाली बसले. महिना उलटून गेला आता. भेटायला येणारं प्रत्येक माणूस म्हणतं, “बिचारी! लई सोसलं हो.” ते ऐकलं की माझा संताप होतो. आक्का बिचाऱ्या नव्हत्या. सोसणाऱ्यातल्या तर मुळीच नव्हत्या. म्हणून हे लिहायला बसले.

त्यांचं माहेर उदगीरचं. वडिलांचं कटलरीचं दुकान होतं. आमच्याकडे भाद्रपदातल्या गौरींना महालक्ष्म्या म्हणतात; त्या बसायच्या आधी दुकानात पुठ्ठ्याची घरं विकायला यायची. चपटी, घडी घातलेली. खाचेत पट्टी अडकवली की वीतभर घर उभं राहायचं. लाल छपरावर अभ्रकाची पूड, खिडक्यांना पिवळा जिलेटीन कागद, आणि मागच्या भिंतीला बल्ब आत सोडायला भोक. महालक्ष्म्यांसमोरच्या आराशीत घरोघरी ती मांडली जायची. पुढं थर्माकोलची देवळं आली, प्लॅस्टिकचे बंगले आले आणि ही घरं दिसेनाशी झाली. लग्नानंतर आक्कांनी ती लातूरला शोधली, नांदेडला शोधली. कुठं मिळेनात. शेवटी माहेरच्या माळ्यावर एकच घर सापडलं, चेपलेलं, एक भिंत कसरीनं खाल्लेली. दुसरं कुणी ते काचेच्या कपाटात जपून ठेवलं असतं. आक्कांनी ते वाफेवर धरलं आणि सगळे जोड सोडवून उलगडून टाकलं. “अहो आक्का, एकच तर होतं!” मी ओरडले. त्या म्हणाल्या, “उकलल्याबिगर कळणार कसं?” त्या उकललेल्या पुठ्ठ्यावरून त्यांनी नमुना काढला आणि मग साड्यांचे खोके, मिठाईचे डबे, जाड लग्नपत्रिका, घरातलं काही म्हणता काही टाकून देता येईना. खळीत कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. छपराचा लाल रंग नवाकोरा दिसला तर त्यांना खपायचा नाही. त्यात गेरू मिसळून मिसळून त्यांनी तो लहानपणीचा रंग आणलाच. बघता बघता आमच्या महालक्ष्म्यांपुढं अख्खं गाव उभं राहिलं.

मग थोरले भाऊजी गेले. पुढच्या भाद्रपदात सासूबाई म्हणाल्या, “शकू, यंदापासून आराशीला हात लावू नको बाई. घरं तेवढी दे, बाकीच्या मांडतील.” घरात पाव्हण्या बायका होत्या. आक्कांनी पदर खोचला. “घरं ह्या हातानं केली हायेत. हात चालत न्हाई, तर हाताचं कामबी न्हाई चालणार.” आणि एकेक घर उचलून त्यांनी बाहेर ओसरीवर नेलं. बाजेवर चादर अंथरली, स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर घेतली आणि तिथं गाव वसवलं. संध्याकाळी हळदीकुंकवाला येणाऱ्या बाया आधी ओसरीवर थांबायला लागल्या. त्यांची लेकरं तर तिथून हलेनात. आमच्या चुलत सासूबाई दारातूनच कडाडल्या, “नवरा गेलेल्या बाईनं सणाच्या दिवशी असा बाजार मांडावा?” आक्का एका घरातला बल्ब नीट करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बाजार न्हाई, गाव हाय. या की बघायला.” माझ्या हातात कुंकवाचा करंडा होता आणि मला हसू आवरेना...

त्याच्या पुढच्या वर्षीही गाव ओसरीवरच बसलं. तिसऱ्या वर्षी मात्र सासूबाईच म्हणाल्या, “आण बाई आत. तुझ्या घरांबिगर आरास भुंडी दिसून राहिली.” “आणते,” आक्का म्हणाल्या, “पण मीच मांडीन. आन् महालक्ष्म्यांना साडीबी मीच नेसवीन.” सासूबाईंनी उठून ट्रंकेतून साड्या काढून आक्कांच्या हातात ठेवल्या. त्या दिवशी चुलत सासूबाई न जेवता उठून गेल्या. सासूबाई कासावीस झाल्या, तर आक्का म्हणाल्या, “पुरणपोळ्या उरल्या तर उरू द्या. उद्या दुधात कुस्करून खाऊ.” आणि खरंच, दुसऱ्या दिवशी आम्ही तिघींनी खाल्ल्या.

डायलिसिस सुरू झालं तेव्हा महेश म्हणाला, “आई, आता तरी आराम कर. कशाला हा पसारा?” “आराम करून राहिले की. बसूनच तर करून राहिले!” नांदेडला जाताना पिशवीत कापलेले पुठ्ठे असायचेच. एका हाताला डायलिसिसची सुई, आणि दुसऱ्या हातानं मांडीवर भिंती दुमडत बसायच्या. नर्स रागवायची, “मावशी, हात हलवू नका.” “ह्यो हात तुमचा,” सुईचा हात दाखवून त्या म्हणायच्या, “आन् ह्यो माझा.” एकदाच मी त्यांना हरलेलं पाहिलं. बोटं सुजली होती, कात्री धरवत नव्हती, हातातलं घर चुरगळलं. त्यांनी सगळं ढकलून दिलं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. “हात ऐकून न्हाई राहिला गं...” सकाळी बघते तर पसारा पुन्हा मांडलेला. “बस इथं. पुठ्ठा तू धर, कापणार मी,” असा हुकूम झाला. तेव्हापासून शेवटपर्यंत मी पुठ्ठा धरत आले.

आता भाद्रपद तोंडावर आलाय. परवा चुलत सासूबाई येऊन सांगून गेल्या, यंदा घरात सण करायचा नाही, आणि ती घरं पोत्यात बांधून माळ्यावर टाका. मी म्हटलं, “महालक्ष्म्या बसणार नाहीत, कबूल. पण घरं ओसरीवर लागतील.” “लोक काय म्हणतील?” त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार तोच सासूबाई उठल्या. आता त्या पार वाकल्यात, नीट दिसतही नाही. भिंत धरत धरत त्या आक्कांच्या खोलीत गेल्या. तिथं टेबलावर सगळी घरं ओळीनं उभी आहेत, धूळ बसू नये म्हणून मी आक्कांचीच जुनी साडी वर टाकलीय. सासूबाईंनी ती साडी ओढून काढली, एका छपरावरून बोटं फिरवली आणि तशाच पाठमोऱ्या उभ्या राहून मला म्हणाल्या,

“वायर कुठं हाय गं ह्यांची?”