अनसूयेला चावलेली पाकोळी

घरट्यातून पडलेलं पोपटाचं पिल्लू, झावळीबरोबर खाली आलेली खार, ताडी पिऊन बांधावर आडवा झालेला कुणाचा तरी भाऊ. अनसूया चुरीच्या नजरेस पडलं की ती उचलायचीच. पिल्लाला केळीच्या खोडाच्या सोपट्यात ठेवायची, भावाच्या डोक्यावर विहिरीचं पाणी ओतायची. "पडलेल्याला जरा वर ठेवावं, बाई. मग त्याचा तो जातो," असं म्हणायची. आगाशीत माझं घर तिच्या वाडीला लागूनच. मी शाळेत शिकवायचे, म्हणून सारं गाव मला बाई म्हणे. वयाने मोठी असून तीही बाईच म्हणायची.

गावाबाहेर मात्र तिची ओळख होती ती सुकेळ्यांमुळे. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, बांबूच्या उंच मांडवावर उन्हात पसरायची, रोज एकेक हाताने उलटायची आणि मधाचा रंग आला की वाळक्या सोपट्यात घट्ट बांधायची. कार्तिकात निर्मळची जत्रा भरली की तिच्या टोपल्या तिथे जायच्या. ठाण्या-मुंबईची माणसं तिला शोधत यायची. तिचा नवरा नरहरी म्हणायचा, "लोक केळं घेत नाहीत, हिचा हात घेतात." नरहरीभाऊंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते सगळं मोठ्यानेच म्हणायचे.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या जत्रेची. शाळेला जत्रेची सुट्टी होती. खोकल्याचं औषध आणायला मी सकाळीच दवाखान्यात गेले. डॉक्टर गावात नवे आले होते. यवतमाळकडचे, तरुण, मनाने भले. औषधाची पुडी बांधता बांधता ते हसत होते.

"बाई, तुमच्याकडची फुलपाखरंही चावतात म्हणे."

"कुणाला चावलं?"

"आत्ता येऊन गेल्या त्या अनसूयाकाकूंना. म्हणाल्या, पाकोळी चावली. मी दोनदा विचारलं. 'पाकोळीच, वागूळ नव्हे,' म्हणाल्या. अळीबिळी असेल अंगाला लागली. खाजेचं मलम दिलं."

मी पुडी टेबलावर ठेवली. "डॉक्टर, पाकोळी म्हणजे काय तुमच्याकडे?"

"फुलपाखरू. दुसरं काय?"

"आमच्याकडे वागूळ म्हणजे मोठं वटवाघूळ, चिकू खाणारं. आणि घराच्या आढ्याला लटकतं ते लहान वटवाघूळ, ती पाकोळी."

डॉक्टरांचं हसू गेलं. अनसूया परक्यांशी बोलताना फार जपून शब्द वापरायची. शिकलेल्या माणसापुढे चूक नको म्हणून तिने अगदी नेमका शब्द सांगितला होता, आणि त्या नेमकेपणानेच घोटाळा केला होता.

"कुठे सापडली म्हणाल्या होत्या त्या?" डॉक्टर स्वतःलाच विचारत होते. "हां. मांडवाखाली पडली होती, उडत नव्हती, उचलून वर ठेवायला गेले तर अंगठ्याला धरलं. बाई, दिवसाउजेडी जमिनीवर पडलेलं, उडता न येणारं वटवाघूळ आजारी असू शकतं. कुत्रं पिसाळतं ना, तोच रोग वटवाघळातून झाल्याचं बाहेरच्या देशांतलं मी वाचलंय. आपल्याकडे ऐकलेलं नाही. पण एकदा तो रोग उठला की औषध नाही. माणूस वाचत नाही. आधी इंजेक्शनं घेतली तरच." त्यांनी भिंतीवरची किल्ली काढली. "घर कुठे त्यांचं?"

"घरी नाही ती. जत्रेला गेली असेल."

मी आयुष्यात मोटारसायकलवर बसले नव्हते. त्या दिवशी बसले, नऊवारीचा काष्टा सावरत, एका हाताने डॉक्टरांची पिशवी धरून. राजदूत सोपाऱ्याच्या रस्त्याने अशी निघाली की बैलगाड्या, टांगे, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बाया भराभर मागे पडू लागल्या. भीती वाटत होतीच. पण खरं सांगायचं तर अंगात एक वेगळाच जोर आला होता. माझ्या शाळेतली दोन मुलं रस्त्याने चालली होती. ती तोंड उघडं टाकून पाहत राहिली.

निर्मळला तळ्याच्या कडेपासून माणसांचा नुसता पूर. पाळणे, बांगड्या, घोंगड्या, सुक्या मासळीचा वास. आम्ही सुकेळीवाल्यांच्या रांगेकडे घुसलो. अनसूया नेहमीच्या जागी, चिंचेखाली बसली होती. शेजारी नेहमीप्रमाणे रिटा, लाल लुगडं, कानात सोन्याची जड कर्णफुलं. रिटा भुईगावची. तिचीही सुकेळीच. दोघी वर्षानुवर्षं शेजारी बसायच्या आणि वर्षानुवर्षं एकमेकींच्या मालाला नावं ठेवायच्या.

"आली गे तुझी मास्तरीण. तुझं चाखून आजारी पडली वाटतं, डाक्टर घेऊन आली," रिटा म्हणाली.

"तुझं चाखलं असतं तर पाद्री घेऊन आली असती," अनसूयेने गिऱ्हाइकाला सुटे देता देता उत्तर दिलं.

मी तिच्या कानाशी वाकले. डॉक्टरही उकिडवे बसले आणि हळू आवाजात सगळं सांगू लागले. अनसूया ऐकत होती. हातातलं सुकेळं तिने तसंच धरून ठेवलं होतं. अंगठ्यावर दोन बारीक ठिपके, सुई टोचल्यासारखे. त्यावर डॉक्टरांचंच मलम चमकत होतं.

"चूक माझी झाली, काकू. आत्ता हात धुऊ आणि वसईला जाऊ. सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं मिळतील. पोटात घ्यावी लागतात. चौदा. रोज एक."

"जत्रा झाली की येते."

"जत्रेची वाट नाही पाहता येणार."

"डाक्टर, हळू बोला," ती म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "पिसाळल्याची इंजेक्शनं घेतली हे रांगेत कळलं, तर माझ्या हातचं कोण खाईल? या जत्रेला नाही, पुढच्या नाही. कधीच नाही."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या माणसाचं उष्टं पाणीही लोक टाळायचे. त्या हातावर तिचं सगळं घर उभं होतं, आणि आता त्याच हाताने ते पडायची वेळ आली होती.

तेवढ्यात चहा पिऊन नरहरीभाऊ आले. "काय झालं?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन, जेवढं हळू जमेल तेवढं म्हटलं, "पाकोळी चावली. पिसाळलेली असू शकते."

"पिसाळली?" नरहरीभाऊ चिंचेच्या शेंड्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले. "अनसूया पिसाळली?"

सुकेळं निवडत असलेल्या एका बाईने हातातलं टोपलीत परत ठेवलं आणि लुगड्याला बोटं पुसली. तिच्या मागची माघारी वळली. कुणीतरी पोराला मागे ओढलं. अनसूया टोपलीकडे बघत राहिली. डॉक्टर उठून लोकांना समजावू लागले, पण त्यांच्या पुस्तकी बोलण्यात 'रोग', 'लाळ' हेच शब्द पुन्हा पुन्हा येत होते आणि माणसं आणखी मागे सरकत होती.

रिटा उठली. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, सावकाश. दोन पावलं चालून अनसूयेच्या समोर आली आणि हात पुढे केला.

"दे."

"काय?"

"हातात धरलंय ते. कधीचं धरून बसलीस. दे."

"अगं, पण..."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते लगेच म्हणाले, "त्यांचा हात लागल्याने काही होत नाही. त्या ठणठणीत आहेत. खा तुम्ही."

रिटाने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला, सुकेळ्याचं सोपटं सोडलं आणि सगळ्यांच्या देखत अर्धं तोंडात घातलं. सावकाश चावलं. रांग तिच्या जबड्याकडे बघत होती.

"इतकी वर्षं सांगते, गोड जास्त करते ही," ती रांगेला म्हणाली. "पण पिसाळलेलं नाही." उरलेलं अर्धंही तिने खाल्लं. मग अनसूयेला म्हणाली, "ऊठ आता. मेलीस तर मी भांडू कुणाशी?"

कुणीतरी हसलं. मघाशी बोटं पुसलेली बाई परत पुढे आली आणि "बघू गे," म्हणत तिने टोपलीत हात घातला.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टरांनी जत्रेतल्या दुकानातून साबणाची वडी घेतली. चहावाल्याच्या पिंपाशी अनसूयेचा अंगठा ते इतका वेळ धूत राहिले की चहावाला म्हणाला, "डाक्टर, अंगठा ठेवा थोडा." मग त्यांनी तिला राजदूतवर बसवलं. अनसूयेने डोक्यावरचा पदर दातात धरला, डोळे मिटले आणि गाडी गर्दीतून वाट काढत वसईच्या रस्त्याला लागली. मी तिच्या जागेवर बसले. भाव सांगताना चुकले, की शेजारून रिटा सुधारायची. स्वतःचं गिऱ्हाईक तिने अनसूयेच्या टोपलीकडे किती वेळा वळवलं ते मी पाहिलं, पण बोलले नाही. बोलले असते तर तिला राग आला असता.

संध्याकाळी अनसूयेच्या घरी आल्यावर डॉक्टरांनी तिने सकाळी टोपलीखाली झाकून ठेवलेली पाकोळी पाहिली. ती मेली होती. नरहरीभाऊंनी हात न लावता फावड्याने उचलली आणि खोल पुरली. ती आजारी होती की नुसती ऊन लागून पडली होती, ते कुणालाच कधी कळलं नाही.

अनसूयेने चौदाही इंजेक्शनं घेतली. सकाळी वसई, दुपारी निर्मळ. पोट सुजायचं, बसता यायचं नाही, तर उभ्यानेच विकायची. रिटा तिला म्हणायची, "बस ना गे, का मोठेपणा दाखवतेस?" जत्रा संपायच्या दिवशी दोघींच्या टोपल्या रिकाम्या होत्या.

तिला काही झालं नाही. पुढे दरवर्षी जत्रेत पहिलं सुकेळं ती सोपट्यातून सोडून रिटाच्या हातावर ठेवायची. रिटा खायची आणि "जास्त गोड," म्हणायची. मगच विक्री सुरू व्हायची.

डॉक्टर गावात बरीच वर्षं राहिले. त्यांनी आमचे शब्द शिकून घेतले, आणि अनसूयेने त्यांचे. एकदा माझ्या ओट्यावर एक पाकोळी पडली, पंख पसरून थरथरत. मी वाकून पाहत होते, तर कुंपणापलीकडून आवाज आला.

"बाई, हात लावू नका. वरून सूप झाका, पोरांना लांब ठेवा, न् डाक्टरला निरोप द्या." मग थोडं थांबून, "वटवाघूळ म्हणा. पाकोळी म्हणू नका."

आणि सूप घेऊन ती स्वतःच कुंपण ओलांडून आली.