हात धुण्याचा समारंभ

परिचारिकेच्या हातांत ईश्वराचा वास असतो, असं नोकरीच्या पहिल्याच सकाळी आम्हा नव्या मुलींना सांगण्यात आलं. सांगणाऱ्या मेट्रन मॅडमचा आवाज त्या वेळी भरून आला होता. त्या ईश्वराला साबण चालत नाही, हे आठवडाभरानं कळलं.

हॉस्पिटल खासगी, तालुक्याच्या गावातलं. पहिला महिना ओरिएंटेशनचा. त्यात टिकलं तर नोकरी पक्की. माझ्यासोबत शिरूर कासारची एक मुलगी होती. तिचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जायचे. ही नापास झाली, तर यंदा तीही त्यांच्यासोबत कारखान्यावर जाणार, हे घरी ठरलेलंच होतं.

वॉर्डात तालुक्यातल्या एका पुढाऱ्याची आई होती. पायाला साखरेच्या आजारानं चिघळलेली जखम. शिरूरच्या पोरीनं ड्रेसिंग केलं, हातमोजे काढले आणि तिथंच उभं राहून हातांना सॅनिटायझर चोळलं. कॉलेजात शिकवलं होतं तसंच.

"कावून गं, इटाळ झाला का माझा?" म्हातारीनं विचारलं.

"न्हाई आजी. तुमचं दुसऱ्याला नको, दुसऱ्याचं तुमाला नको."

"माझं काय व्हतंय दुसऱ्याला?"

खाटेशेजारी पुढाऱ्याचे दोन कार्यकर्ते बसले होते. एक दुसऱ्याला म्हणाला, "बघितलं का बे? म्हातारीला हात लावला की लगेच औषध चोळती. लई मोठ्या घरची दिसती."

शनिवारी 'मोकळी चर्चा' असायची. मोकळेपणानं फक्त मेट्रन बोलायच्या. भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं झळकत होती, 'फीडबॅक ही भेट असते.' भेट परत करायची सोय नव्हती. सगळ्यांसमोर तिला उभं केलं.

"काम ठीक आहे तुझं. पण चेहऱ्यावर पेशंटची किळस दिसते. ही गोष्ट रक्तात असते, शिकवून जात नाही. हात धुवायचेच असतील तर पेशंटला दिसणार नाही असे धू."

मग समोसे आले. तिनं घेतला नाही. त्याचीही नोंद झाली असावी.

पेशंटला दिसणार नाही असं एकच ठिकाण होतं, संडासाशेजारचं बेसिन. त्याचा मूळ रंग पांढरा होता, अशी ऐकीव माहिती आहे. आम्ही पाहिलं तेव्हा गुटख्याचे थर वाळून तो कातासारखा झाला होता, जाळीत सुपारी अडकलेली, आणि एका कोपऱ्यात कुणाची तरी दात घासलेली काडी. ती खिशात साबणाची वडी घेऊन जायची, कोपरानं नळ उघडायची आणि श्वास रोखून हात धुवायची. धुऊन हात स्वच्छ होत होते की घाण, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

"मला किळस येती म्हणतात," ती एकदा तिथंच म्हणाली. "येती ना. आजीची न्हाई येत. ह्याची येती."

"असंच सांग की मेट्रनला."

"सांगते. अन् मग कोयता घेऊन जाते आईसंगं."

महिना संपत आला आणि हॉस्पिटलनं हस्तस्वच्छता सप्ताह जाहीर केला. वॉर्डाबाहेर स्टीलचं नवं बेसिन बसलं. नळाला झेंडूचा हार, बेसिनला लाल फीत. पाहुणे अर्थात तेच पुढारी, तालुक्याचे दादा. त्यांना फेटा बांधला, मेट्रन मॅडमनाही बांधला. टॉवेलाचं तबक धरायला शिरूरच्या पोरीला उभं केलं. "सुधारायची संधी आहे," मेट्रन म्हणाल्या.

फीत कापली. मग दादांना भाषण करायचं होतं आणि तोंड भरलेलं होतं. ते वाकले आणि नव्या बेसिनमध्ये सगळं मोकळं केलं. फोटोग्राफरनं तेवढ्यापुरता कॅमेरा अदबीनं खाली घेतला. दादांनी नळ सोडून खुळखुळून चूळ भरली. परत भरली. तिसऱ्यांदा घशापर्यंत नेऊन भरली. तबकातल्या टॉवेलानं तोंड पुसलं, आणि तांबडा झालेला टॉवेल तिच्या हातात दिला. मग स्वच्छता हीच आपली संस्कृती कशी, यावर ते बराच वेळ बोलले.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मेट्रनही बघत होत्या. ती हसत होती. टॉवेल दोन्ही हातांत नीट धरला होता.

"कुठली गं पोरी तू?" जाताना दादांनी विचारलं.

"शिरूरची."

"आपलीच हाय की! चांगली हाय पोरगी."

मेट्रन मॅडमनी तिथल्या तिथं तिची पाठ थोपटली. "बघ, जमलं की नाही? किळस गेली. सोमवारी येऊन सही कर, नोकरी पक्की."

सगळे तिथंच मांडलेल्या चहाकडे वळले. तिनं टॉवेल संसर्गजन्य कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला, खिशातली साबणाची वडी काढली आणि सगळ्यांच्या देखत नव्या बेसिनचा नळ फिरवला. पाणी आलं नाही. नळाची लाईन जोडायची राहिली होती. उद्घाटनापुरता भिंतीमागे पाण्याचा एक जार लावला होता. तो दादांच्या चुळांतच संपला होता.