विहिरीच्या काठावरचा फोन

जुना, कुणी वापरत नसलेला भाग काढून टाकायचा की ठेवायचा, एवढाच प्रश्न होता. आणि खरं सांगायचं तर मला तो प्रश्नही वाटत नव्हता. शेतातली मोटर चालू-बंद करणाऱ्या पेटीसाठी आम्ही एक प्रोग्राम सांभाळतो. फुकट आणि खुला. कुणीही घ्यावा, हवा तसा बदलावा. सांभाळणारे दोघंच. मी जळगावात, माझा सहकारी धुळ्यात.

तो भाग बटणांच्या फोनच्या काळातला. वीज आली की पेटी मालकाला रिंग देते. त्याने फोन कापला तर मोटर बंद राहते. काहीच केलं नाही तर थोड्या वेळाने आपली आपण सुरू होते. हा भागच नसेल, तर वीज येताच पेटी कुणाला न विचारता मोटर सुरू करते. नव्या पेट्यांना ॲप आहे. त्या आमच्याकडे जी माहिती पाठवतात, तिच्यात या भागाचा वापर शून्य दिसत होता. "नुसती अडगळ आहे, काढून टाकू. तुझा होकार दे," असा सहकाऱ्याचा धोशा चालला होता.

मी होकार देणारच होते. मग एकदा जेवताना डोक्यात आलं, जुन्या पेट्यांना इंटरनेटच नाही. त्या माहिती पाठवणार कशा? आम्हा दोघांच्या अकलेची मला कीव आली. भडगावजवळ माझ्या थोरल्या काकांच्या, म्हणजे आबांच्या शेतात अशी जुनी पेटी आहे. बघावं तरी म्हणून गेले.

वीज गेलेली होती, तेवढ्यात आबा विहिरीत उतरले होते. मोटरीत गाळ अडकला होता. काकू काठावर त्यांचा बटणांचा फोन हातात धरून बसली होती. पूर्वी विहिरीत उतरणारा माणूस आधी फ्यूजची ग्रीप काढून वीज तोडायचा आणि ती खिशात टाकूनच उतरायचा. पेटी आल्यापासून ती सवय गेली. आता घरातली बाई काठावर फोन घेऊन बसते. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही कधी विचारलंही नव्हतं.

"लाइट उनी का हाऊ वाजस. वाजना का काटी टाकजो," वीज आली की हा वाजेल, वाजला की कापायचा, असं बजावत काकूने फोन माझ्या हातात दिला आणि ती चहा ठेवायला झोपडीकडे गेली.

मी खाली वाकून बघितलं. आबा कमरेइतक्या पाण्यात उभे होते. मोटरीची वायर त्यांच्या खांद्याला लागून खाली गेली होती आणि तिला जागोजागी टेप गुंडाळलेली होती.

तेवढ्यात फोन वाजला. मी सवयीने पडद्यावरून बोट फिरवलं. फोन वाजतच राहिला. पुन्हा फिरवलं. मग कुठे लाल बटण दिसलं आणि मी ते जीव खाऊन दाबलं.

"लाइट उनी का वं पोरी?" आबांनी खालून विचारलं.

"वर या आबा! आधी वर या!" मी किंचाळलेच.

ते हसले. "घाबरस काय? फोन इचारस ना आपले."

मी पेटीकडे धावले आणि ग्रीप उपसून काढली. आबा वर आल्यावर तिथूनच सहकाऱ्याला फोन लावला. तो भाग काढायचा नाही, उलट कुणी काहीच केलं नाही तर मोटर बंदच राहिली पाहिजे, असा बदल आजच करायचा, असं त्याला बजावलं.

तो म्हणाला, "अगं, तो भाग काढलेली प्रत मी दुरुस्तीवाल्यांना मागेच दिली. चाचणी म्हणून. भडगावला, चाळीसगावला. दुरुस्तीला येईल त्या पेटीत ते तीच भरतात. तक्रार एकाचीही नाही."

"कुणाकुणाच्या पेट्या?"

"ते कोण लक्षात ठेवतं?"

आबांची पेटी अजून बिघडली नव्हती, म्हणून ते माझ्यासमोर धोतर पिळत उभे होते. वीज आजूबाजूच्या शिवारांतही आली होती. तिथेही एखाद्या विहिरीच्या काठावर कुणी बाई फोन धरून बसली असेल, तो वाजेल या भरवशावर.