चाळीसच्या स्पीडला शुद्धलेखन

मी तेव्हा पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये सुपरवायझर होतो आणि इंदिरानगरमध्ये भाड्याच्या खोलीत राहायचो. जायला तीस-बत्तीस किलोमीटर, यायला तेवढेच, सगळा हायवे. त्या रस्त्यावर गाणी ऐकायची हौस म्हणून मी मोटारसायकलला कारचा टेप, एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि सहा इंची दोन स्पीकर बसवून घेतले. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मोबाइलवर गाणी यायला अजून वेळ होता.

बसवणाऱ्याने स्पीकर पायाजवळच्या गार्डला बांधले आणि वायरी जिथे जागा दिसली तिथून ओढल्या. गाडी उभी असताना बरं वाजायचं. चालू केली की गाण्याच्या मागे एक बारीक कुई सुरू व्हायची. रेस वाढवली की तीही चढायची, कमी केली की उतरायची. पॅकहाउसच्या गेटवर मी पोचलो की पेट्या उतरवणाऱ्या बाया हसायच्या. त्यातली एक म्हणाली, "सायेब, गाडीत मांजर बसवलं हाय का? लय रडतंय ते."

दोन दुकानं फिरलो. दोघांनीही बेस वाढवून दिला. मांजर जास्त जाड आवाजात रडू लागलं.

मग कोणीतरी पंचवटीतल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे जा म्हणाला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, सडपातळ, शर्टाच्या खिशात पेनच्या जागी टेस्टर. त्यांनी दुकानातून बाहेर येऊन गाडी चालू करायला सांगितली. कशालाही हात न लावता ते पाच मिनिटं फुटपाथवर उभे राहिले. रेस वाढवायला सांगितली, कमी करायला सांगितली, टेप बंद करून फक्त अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवायला सांगितला. मग म्हणाले, "सामान चांगलं आहे तुमचं. बसवणाऱ्याला घाई होती. रविवारी सकाळी या."

त्या रविवारी त्यांनी गाणं लावलंच नाही. आधी सीट काढली. अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची वायर फ्रेमच्या एका स्क्रूला पिळली होती. त्यांनी तो स्क्रू काढून मला दाखवला. खाली सगळा रंग होता.

"रंगावर वायर लावली म्हणजे लावली नाही असंच समजायचं," ते म्हणाले. "आता ही इंजिनाचं सगळं ऐकते आणि तुम्हाला सांगते."

त्यांनी जाड वायर घेऊन थेट बॅटरीपर्यंत नेली. कुई निम्मी झाली. मी म्हटलं, "काका, एवढी चालेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. टाकीखालून स्पीकरच्या आणि टेपच्या वायरी एकेक करून सोडवल्या. टेपची वायर इंजिनाच्या कॉइलला घासून जात होती. ती दुसऱ्या बाजूने फिरवली, चिकटपट्टीने बांधली आणि म्हणाले, "मार किक." बोलता बोलता ते मला अरे-तुरे करू लागले होते. मी किक मारली, रेस पिळली. इंजिनाचा आवाज इंजिनातून येत होता आणि स्पीकर गप्प होते. इतक्या महिन्यांत मला ती शांतता पहिल्यांदा ऐकू आली.

खरं काम पुढच्या रविवारी झालं. तोवर त्यांनी प्लायच्या दोन छोट्या पेट्या करून ठेवल्या होत्या. स्पीकर त्यांत बसवले आणि पेट्या हँडलच्या खाली, माझ्या तोंडाकडे वळवून लावल्या. "आधी गाणं मागच्या ट्रकवाल्याला मिळत होतं," ते म्हणाले, "तुला नुसता वारा."

अ‍ॅम्प्लिफायर लांब वायरीवर बाहेर काढून त्यांनी मांडीवर घेतला, हातात बारीक स्क्रूड्रायव्हर धरला आणि माझ्या मागे बसले. उभ्या गाडीवर जुळवलेला आवाज चालत्या गाडीवर टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. आडगावच्या पुढे चाळीसच्या स्पीडने जायचं. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे चालू दे.

टेपमध्ये त्यांनी स्वतःची कॅसेट घातली. मला वाटलं, काहीतरी भारी संगीत असणार. स्पीकरमधून एका बाईंचा खणखणीत आवाज आला, "लिहा. ढगांच्या गडगडाटाने म्हैस बुजली. पूर्णविराम."

मी दचकून मागे पाहिलं. "पुढे बघ," काका म्हणाले. "आमच्या बाई आहेत."

त्यांची बायको महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. गल्लीतले सगळे तिला बाई म्हणत, म्हणून तेही म्हणत. तिने वर्गासाठी शुद्धलेखन रेकॉर्ड केलं होतं आणि त्याची एक प्रत यांनी दुकानात ठेवली होती. 'ढ' आणि 'घ' नीट आले की खालचा, जाड आवाज जुळला. 'श', 'ष', 'स' वेगळे कळले की वरचा, बारीक आवाज जुळला. "गाण्यात चूक लपते," ते म्हणाले. "माणसाच्या बोलण्यात लपत नाही."

तर आम्ही दोघं कांद्याच्या ट्रॅक्टरांना ओलांडत निघालो होतो आणि गाडी मोठ्याने सांगत होती, "शंभर शेंगा सशाने संपवल्या. पूर्णविराम." एका ट्रॅक्टरवाल्याने मान वळवून वळवून पाहिलं. काका मागून वाकून कान पुढे आणत, अ‍ॅम्प्लिफायरवरचे स्क्रू केसभर फिरवत, पुन्हा ऐकत. आडगाव ते ओझर आम्ही चार खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी वाटेत थांबवून मला मागे बसवलं आणि गाडी स्वतः घेतली. चालवणाऱ्याच्या कानाला काय पोचतं, ते त्यांना स्वतः अनुभवायचं होतं. चौथ्या खेपेला पुन्हा मी चालवत होतो. त्यांनी खांद्यावर एक थाप मारून मागून येणाऱ्या ट्रकला पुढे जाऊ दिलं आणि मला विचारलं, "हॉर्न ऐकलास?" ऐकला होता. मग त्यांनी खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि स्क्रू हलू नयेत म्हणून दोन्हींवर एकेक थेंब सोडला. "आता याला हात लावायचा नाही. यापुढे वाढवलास तर गाणं मिळेल, हॉर्न मिळणार नाही."

ती गाडी मग काय वाजायची. सत्तरच्या स्पीडला तबल्यावरची बोटं मोजता यायची. पॅकहाउसमधल्या बाया दुपारच्या सुट्टीत गाडीभोवती डबे घेऊन बसू लागल्या. मांजराबद्दल विचारणारी म्हणाली, "आता गानं कसं सपष्ट येतंय."

आणि तरी मी हात लावला. एका मित्राच्या वरातीत सगळे "वाढव, वाढव" म्हणू लागले. मी नेलपॉलिश नखाने खरवडलं आणि स्क्रू पिळला. दहा मिनिटं मोठं वाजलं. मग डाव्या स्पीकरचा कागद फाटला आणि फडफड सुरू झाली.

काकांकडे जायला मला आठवडा लागला. वाटेत कारणं जुळवत होतो. त्यांनी खरवडलेला स्क्रू पाहिला, फाटलेला कागद पाहिला आणि एवढंच म्हणाले, "बस." पतंगाच्या कागदाची चिंधी, पातळ डिंक, आणि तासभर एकाच जागी खिळलेली नजर. त्यांची बोटं चीर जोडत होती तेव्हा मी डिंकाची वाटी धरून बसलो. ते रागावले असते तर मला हलकं वाटलं असतं.

कागद वाळल्यावर त्यांनी पुन्हा तीच कॅसेट लावली. माडीवर त्यांचं घर होतं. तिथून बाई खाली आल्या. आवाजावरून मला त्या धिप्पाड वाटल्या होत्या, प्रत्यक्षात खांद्याएवढ्या उंचीच्या. त्यांनी थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "डावीकडचा 'ष' शिट्टीसारखा येतोय. माझा असा नाही."

काका म्हणाले, "जोड दिलाय, थोडं होणारच."

"थोडं म्हणजे चूकच ना?"

त्यांनी निमूटपणे स्क्रूड्रायव्हर उचलला. बाई उभ्या राहून "अजून... आता जास्त झालं... हां" असं सांगत राहिल्या. त्या माणसापेक्षा बारीक कान कोणाचा असेल असं मला वाटलं नव्हतं.

नंतर बाईंनी मला विचारलं, "चालत्या गाडीवर कसं वाटतं? मला नेशील का एक फेरी?" पदर खोचून त्या मागे बसल्या. आम्ही आडगावपर्यंत गेलो. त्यांचाच आवाज त्यांना शुद्धलेखन घालत होता आणि त्या कान देऊन ऐकत होत्या. परत आल्यावर उतरताना म्हणाल्या, "मी किती घाईघाईत सांगते रे. लिहायला वेळच देत नाही पोरांना."

"मला कधी घाई वाटली नाही," काका म्हणाले.

"तुम्हाला लिहायचं कुठे असतं?"

पॅकहाउसमधला आमचा ड्रायव्हर पंचवटीत राहायचा. त्याची मुलगी बाईंच्याच वर्गात होती. दिवाळीनंतर तो मला सहज सांगत होता, की बाई हल्ली कॅसेट लावत नाहीत. स्वतः सांगतात, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून शेवटच्या बाकाला विचारतात, "झालं का लिहून?" शेवटच्या बाकाने हो म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य येत नाही. त्याच्या मुलीच्या वहीत म्हणे आता लाल खुणा कमी असतात.