आडव्याला आधी तेल

दसऱ्याच्या सकाळी शेजारच्या शांताकाकू देवळाबाहेरच्या वीरगळीला तेल चोळत होत्या आणि मी पायरीवर बसून जळत होते. छत्रपतींच्या दोन गाद्या भांडल्या, तेव्हा आमच्या खोऱ्यातलं पायदळ दोन्हीकडे होतं. काकूंचा पूर्वज पडला, त्याचा दगड उभा राहिला. आमचाही त्याच लढाईत पडला, पण दुसऱ्या बाजूने. त्याच्या नावाने कुणी नारळसुद्धा फोडला नाही.

दगडावर त्यांचा वीर तलवार उगारून उभा आहे, पायाशी शत्रू आडवा. काकूंनी आधी त्या आडव्यालाच तेल लावलं होतं.

"त्याला कशाला?" मी विचारलं.

"अगं, तो तुमचाच ना! आधी त्याला, मग आमच्याला, ही आमच्या घरची रीत."

मला भरून यायला हवं होतं. मी आणखीच जळले. आमचा मेलेला माणूससुद्धा यांनीच सांभाळला होता.